न वाटलेल्या बारा वह्या

बाइंडरच्या घरी आलेला पाहुणा रिकाम्या हातांनी बसलाय, असं कधी झालं नाही. हातात काही द्यायचे म्हणून नव्हे हो, कामाला लावायचे म्हणून! माणूस चपला काढतो न काढतो तोच त्याच्या पुढ्यात छापील कागदांचा गठ्ठा. ते भले मोठे कागद दुमडत दुमडत सोळा पानांचा एक फर्मा करायचा, लाकडी पट्टीने घडी दाबायची आणि बाजूला ठेवायचा. मग बोला काय हवं ते, पण हात चालू पाहिजे. एकदा आत्याच्या सोयरिकीचं बोलायला मंडळी आली होती, तीसुद्धा तासभर फर्मे दुमडून गेली. सोयरीक काही जमली नाही, पण शब्दकोशाचं काम वेळेवर गेलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मधोमध शिकंजा, म्हणजे शिवलेली पुस्तकं फळ्यांमध्ये दाबून ठेवायचा तो लोखंडी स्क्रूचा सांगाडा. जेवायचं झालं की पुस्तकांच्या चळती सरकवायच्या आणि तिथेच ताटं घ्यायची. आई दोऱ्याने फर्मे शिवायची, बाबा पुठ्ठे कापायचे, पुस्तकाची पाठ गोल करायचे, खळ लावायचे. त्या खळीचा वास कपड्यांना, उशांना, वेणीलासुद्धा. आणि बाबांची खळ म्हणजे अशी, की चिकटलं ते चिकटलं. 'कागद फाटेल, पण सुटायचा नाही,' असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

दोघी मुली. थोरलीला शाळेत सगळ्या 'चिकटी' म्हणायच्या. ती हसण्यावारी न्यायची, पण ते मनात सलत राहिलं. धाकटीला काही म्हणायची कोणाची टाप नव्हती, ती उलट दोन सुनवायची. थोरली हुशार, पुस्तकांत तोंड खुपसून बसणारी. फर्मे दुमडता दुमडता वाचायची, म्हणून तिची घडी वाकडी यायची आणि बाबा गुपचूप तीच घडी पुन्हा करायचे. रागवायचे मात्र नाहीत.

अशी ही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून परदेशात शिकायला गेली. निघताना बाबांनी एक वही दिली. तांबड्या कातड्याची पाठ, आत हाताने शिवलेले फर्मे, उघडली की टेबलावर सपाट पडणारी. अंगठ्याने पाठ दाबत म्हणाले, "तिकडे काही लिहावंसं वाटलं तर असू दे."

तिकडे पोचून दोन महिने झाले असतील. एका विषयाच्या बाईंनी वर्गाला काम दिलं. वर्गात बारा जणं, बारा ठिकाणांहून आलेली. प्रत्येकाने उभं राहून पंधरा मिनिटं सांगायचं: आमचं घर, आमची माणसं, आमचा रोजचा दिवस. सोबत घरची एक वस्तू आणायची. सगळं चित्रित होणार आणि घरच्यांना बघता यावं म्हणून दुवा पाठवणार.

आता खरं सांगा, तिच्याकडे सांगण्यासारखं काय कमी होतं? ती आत्याची सोयरीक नुसती सांगितली असती तरी वर्ग लोटपोट झाला असता. पण नाही! बाईसाहेबांनी काय सांगावं? त्यांच्या भागातल्या एका डॉक्टरांचं घर! लहानपणी बाबांनी बांधलेली मासिकं पोचवायला ती त्या घरी जायची आणि दारातून दिसेल तेवढं डोळ्यांनी पिऊन घ्यायची. ते तिने आपलं म्हणून सांगितलं. काचेची कपाटं सांगितली. जेवणानंतर ज्याने त्याने आपापलं पुस्तक घेऊन बसायचं, हे सांगितलं. वडील काय करतात, तर "पुस्तकांच्या क्षेत्रात आहेत." काय ती सफाई! एकही शब्द अडखळला नाही.

वस्तू म्हणून तिने ती वही नेली होती. दुसरं होतंच काय तिच्याकडे? वही हातोहात फिरली. बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं, उघडून शिवण पाहिली आणि विचारलं, "इतकं सुंदर काम कोणी केलं?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते जिभेवर आलंही होतं, पण डॉक्टरांच्या काचेच्या कपाटांत शिकंजा कुठे बसवणार? ती म्हणाली, "आमच्या गल्लीत एक कारागीर आहे."

तिच्यानंतर उठला तो एक लाजाळू मुलगा. त्याने पिशवीतून सुरी काढली. म्हणाला, आई बाजारात मासे कापते, ही तिची जुनी सुरी, आणि आमच्या घरात अत्तर जरी आणलं तरी त्याला मासळीचाच वास येतो. वर्ग आधी हसला, मग गप्प झाला, मग उभा राहून टाळ्या वाजवत सुटला. थोरलीही वाजवत होती. धरणीने पोटात घ्यावं असं तिला तेव्हा वाटलं, पण बोललेले शब्द परत कसे घ्यायचे?

दुवा घरी पोचला. बाबांना ती भाषा येत नव्हती. धाकटीला ती शाळेत होती, त्यामुळे बऱ्यापैकी येत होती. फर्मे दुमडायला बसलेली चार माणसं गोळा करून बाबांनी चित्रफीत लावली आणि धाकटी एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगायला लागली. काचेची कपाटं आली तिथे ती अडखळली आणि तिच्या लक्षात आलं. मग तिने जे सांगितलं ते सगळं तिचं स्वतःचं. वही हातोहात फिरत होती तेव्हा बाबा पुढे सरकले. "काय विचारतायत गं त्या बाई?"

"विचारतायत, ही कोणी केली."

"मग? ही काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्या बाबांनी."

बाबा उठून हात धुऊन आले, हात काही खराब नव्हते तरी.

धाकटीचा थोरलीला तेवढाच निरोप आला: "ताई, बाबांना मी खोटं सांगितलंय. आता ते खरं करायचं काम तुझं." बास. ना शिवी, ना शाप.

खरं करणं कठीण नव्हतं. बाईंच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. थोरली आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली, आणि तेवढ्यात महिन्याभराने खोका आला. आत बारा वह्या. अकरा वर्गातल्या मुलांसाठी आणि एक बाईंसाठी. सगळ्या तांबड्या पाठीच्या, सगळ्या हाताने शिवलेल्या. आणि प्रत्येकीच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली, बाबांचं सांगणं, धाकटीचं अक्षर, परक्या भाषेत: 'माझ्या मुलीचं बोलणं तुम्ही ऐकून घेतलंत, म्हणून. तिचे वडील, बाइंडर.'

थोरलीने काय करावं? वाईट वाटतं सांगायला, पण तिने एक चिठ्ठी ओल्या रुमालाने काढून बघितली. कागद फाटला, पण चिठ्ठी काही सुटली नाही. त्या वहीचं शेवटचं पान विद्रूप झालं तेव्हा ती त्यावर डोकं टेकून रडली, आणि मग बाराही वह्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिल्या.

दर रविवारी फोन. "वाटल्यास का गं?" परीक्षा आहे, बाबा. पुढच्या रविवारी, बाई रजेवर आहेत. तिसऱ्या रविवारी थाप सुचेना. ती म्हणाली, "नाही वाटल्या, बाबा. नाही वाटता येणार."

बाबा चाचरत म्हणाले, "का? शिवण उसवली का कुठली? प्रवासात पाठ सुटली?"

तिची नजर कपाटाकडे गेली.

"मला वाटलंच होतं. अंगठा पूर्वीसारखा दाबत नाही आताशा. घाईही झाली जरा. तू वाईट वाटून घेऊ नकोस हां. परक्यांच्या हातात तसलं काम देऊ नकोसच."

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. अगं बाई, बोल की! पण मूग गिळून बसली. सुटल्यासारखं वाटलं तिला, आणि पुढे सगळ्यात जास्त लाज तिला ह्याच सुटकेची वाटत राहिली.

मग बाबांनी वह्यांचं नाव काढलं नाही. वर्ग संपला, जो तो आपल्या गावी गेला, मासळीवालीचा मुलगाही. आठ महिन्यांनी फोनवर बोलता बोलता धाकटी म्हणाली, "बाबांनी शिकंजा देऊन टाकला. कातडी बांधणी आली की परत पाठवतात. नुसतं प्लॅस्टिकच्या कड्यांचं काम करतात आता. म्हणतात, माझ्या हातून नाही होत."

"आजारी आहेत का?"

"छे! चांगले खडखडीत आहेत. तुला माहीत असेल तर तूच सांग मला."

थोरलीने त्याच दुपारी घरी फोन लावला. बाबांनी उचलला तसं तिने सगळं ओकून टाकलं. काचेची कपाटं, गल्लीतला कारागीर, ओला रुमाल, कपाटातल्या वह्या. धाकटीने कसं सावरलं तेही. "मला तुमची लाज वाटली, बाबा," हे वाक्यसुद्धा तिने गिळलं नाही. मग ती थांबली. त्यांनी आता शिव्या घालाव्यात, फोन आपटावा, काहीही करावं, म्हणून कानाशी फोन घट्ट धरून उभी राहिली.

बाबांनी एवढंच विचारलं:

"म्हणजे बांधणी चांगली होती?"

"एक दोरा सैल नव्हता, बाबा."

"बाराही?"

"बाराही."

"हां," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हलका झाला की तिला ऐकवेना. "बरं केलंस सांगितलंस. आठ महिने मी ह्या हातांकडेच बघत बसलोय गं."