इस्त्रीघरातली चिमणी

हॉटेलच्या तळघरातल्या इस्त्रीघरात, वाफेच्या पाइपाजवळच्या टेबलाशी फार पूर्वी एक बाई होती. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. ती वारली, पण नाव टेबलाला चिकटून राहिलं. पुढे त्या टेबलाशी जी उभी राहील ती चिमणी. आत्या कामाला लागली तेव्हा दारातून तिरकी होऊन आत आली होती. आवाज तर असा, की खोकली तरी वरचे पाहुणे दचकावेत. पहिल्याच सकाळी मुकादम नाकातून म्हणाला, "ये गं चिमणे." सगळे फिदीफिदी हसले. आत्याही हसली, आणि त्या हसण्याचा राग तिनं जन्मभर स्वतःवरच काढला.

इथे साध्या टॉवेललासुद्धा स्वतःची खूण. कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईनं मजला लिहिलेला, खोली लिहिलेली. एक नॅपकिन इकडचा तिकडे झाला तर मुकादम तळघर डोक्यावर घ्यायचा. बाईमाणसाचं नाव हरवलं तर त्याच्या बापाचं काय जात होतं? घरी भांडी आपटत आत्या त्याची नक्कल करायची, नाक दाबून, मान वाकडी करून. भाचीची हसून हसून मुरकुंडी वळायची. आत्या मात्र हसत नसे.

आज आत्याचा शेवटचा दिवस होता, आणि तिच्या टेबलाशी आता भाची उभी राहणार होती. दुपारी निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यावर छापलेलं होतं, 'चिमणीस सप्रेम भेट.' आत्यानं ते पालथं घातलं आणि भाचीला जवळ ओढलं.

"चिमणी म्हणून हाक आली तर वळायचं नाही. मान मोडली तरी."

हाक आलीच. नव्या चिमणीनं तिसऱ्या मजल्याच्या चादरी द्याव्यात, असा हुकूम होता. भाची उशीचे अभ्रे दाबत राहिली. पुन्हा हाक, मग आणखी वरच्या पट्टीत. वरून माणूस चादरींसाठी घंटा बडवू लागला. मुकादमानं आत्याला विचारलं, पोरगी बहिरी आहे काय.

"कान शाबूत आहेत तिचे," आत्या म्हणाली. "तुम्ही मेलेल्या बाईला हाका मारताय, मुकादम."

इस्त्र्या थांबल्या. घंटा थांबेना. शेवटी मुकादमानं दात खाऊन पोरीला तिचं नाव विचारलं. तिनं बापाच्या नावासकट ठणकावून सांगितलं. त्यानं ते एकदा चाचपडत म्हटलं, आणि लगेच चादरी गेल्या.

आत्या पिशवी काखेत मारून दाराशी उभी राहिली. आता आपल्यालाही नाव विचारील, असं तिला उगाच वाटलं. मुकादमानं मान वर केली.

"अजून इथेच? चिमणे, जाताना दार लाव, वाफ जाते."

घड्याळ तिथेच पालथं राहिलं. आत्यानं दार सताड उघडं टाकलं आणि जिना चढू लागली. मागून तो ओरडत होता, चिमणे, अगं चिमणे, दार.

ती वळली नाही. मान मोडली तरी वळली नसती.