टायरमधली पांढरी सहा

कानाच्या बाबतीत त्याने आजवर कोणाचं म्हणून ऐकलं नव्हतं. पियानो जुळवणं हा त्याचा धंदा आणि कान हेच भांडवल. घरचे त्याला थट्टेने कानसेन म्हणायचे, आणि हा गडी ते मानाने मिरवायचा. शेजारच्यांचा मिक्सर काळी दोनच्या सुरात वाजतो, हे जेवता जेवता जाहीर करणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं.

मेहुण्याच्या आग्रहाखातर विजेवरची गाडी घेतली आणि घरात नवी भुणभुण सुरू झाली. ती अर्थातच याची.

"इंजिनाचा आवाज नको म्हणून ही घेतली, तर टायर बोंबलतायत! तेही पांढरी सहा! नेमका माझ्या काट्याचा सूर!"

काटा म्हणजे त्याचा दोन टोकांचा पोलादी काटा. गुडघ्यावर आपटला की एकच स्वर देतो, आणि त्यावरून अख्खा पियानो लावायचा. तोच स्वर वाटभर कानात घोळला, तर हात काय कपाळ चालणार? त्यात पुढच्या आठवड्यात मोठ्या सभागृहातला पियानो जुळवायचा होता. एक तार बिनसली असती, तरी इतक्या वर्षांचं ते काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

टायर झिजले होते हे खरंच. गाडी वजनदार, त्यात याचा पाय जड. ऊन, पाऊस, थंडी सगळ्याला चालतील असे बारमाही टायर घ्यायचे, इथवर एकमत झालं. पुढे सगळा सावळागोंधळ.

"दाजी, हलके फिरणारे घ्या," मेहुणा म्हणाला, "नाहीतर चार्जिंग संपून अर्ध्या वाटेत बसाल बोंबलत."

"घरासमोरच्या उतारावर घसरणार नाहीत असे घ्या," बायको म्हणाली. "आवाजाचं तुम्ही काय म्हणताय, मला तर काही ऐकू येत नाही."

"तेच तर! तुमच्या कानांना काय कळतंय!"

दुकानदाराचा त्याने पिच्छाच पुरवला. या गाडीचं वजन पेलणारे हवेत, ओल्यात पकड हवी, आतून आवाज शोषणारा स्पंजचा थर हवा. एवढ्यावर न थांबता तो प्रत्येक टायर बोटाने वाजवून बघू लागला.

"साहेब, कलिंगड घेताय का?" दुकानदार कावून म्हणाला.

शेवटी त्यातल्या त्यात शांत, म्हणून साहजिकच सगळ्यात महाग, असे टायर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा दुकानात हजर.

"फसवलंत मला! तोच आवाज आहे!"

दुकानदार बिचारा शेजारी बसून एक चक्कर मारून आला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याच्याही कानांचा उद्धार झाला.

संध्याकाळी साक्षीला म्हणून त्याने बायकोला गाडीत घातलं आणि गावाबाहेरचा मोकळा रस्ता धरला.

"ऐक. आला ना?"

"नाही हो."

त्याने वेग वाढवला. "आता?"

"वारा येतोय ऐकू."

वैतागून त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. "एवढा धडधडीत आवाज! अजून वाजतोय, ऐक ना जरा!"

"अहो," तीही आता पुरती वैतागली होती, "गाडी उभी आहे."

वेग वाढला की चाकांचा सूर चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. याची पांढरी सहा मात्र इतके दिवस तसूभर हलली नव्हती, आणि हा कानसेन टायर बडवत हिंडत होता. घरात, रस्त्यात, कामावर सतत काही ना काही वाजत असायचं. खरी शांतता त्याला पहिल्यांदा भेटली ती या गाडीत, आणि तिच्यात वाजत होता तो त्याचा स्वतःचाच कान.

मागच्या सीटवरच्या पिशवीतून त्याने काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. सूर वाजला, वाजत राहिला, वाजतच राहिला. त्याने काटा बायकोच्या कानाशी नेला.

"थांबला का गं?"

"केव्हाच," ती म्हणाली. त्याचा चेहरा पाहून तिचा राग कुठच्या कुठे गेला.

त्याने काटा पुन्हा आपटला आणि तिच्याच कानाशी धरला.

"थांबला की सांग मला."