कासाबाईची चोरीची बाग

पिंगळीत कुणाच्या दारचं रोप नाहीसं झालं तर पोलिसात जायची गरज नसते. कासाबाईच्या अंगणात जायचं, तिथं ते मजेत असतं. माझी मिरची मी तशीच शोधून काढली. तिला पाणी घालत कासाबाई मलाच म्हणाली, "बघ की, तुझ्याकडं वाळायली होती. हितं कशी हसायलीय!"

तिचा नवरा येडबा शेळ्यामेंढ्या राखतो, त्यामुळे लेंडीखत घरचंच. कुंड्या म्हणजे खताची रिकामी पोती, फुटका रांजण, रंगाचे डबे आणि कुणाचं तरी हेल्मेट, त्यात कोथिंबीर. पाणी भांडी विसळलेलं. रोपाला तिनं आजवर एक रुपया मोजलेला नाही. "इकतचं रोप जगत न्हाई, कुणी दिलेलं तर मुळीच न्हाई. चोरून आणावं, मंग बरकत," हा तिचा धर्म. एकदा मी दया येऊन पुदिन्याच्या काड्या तिच्या हातात द्यायला गेले, तर बाई चिडली. "ठिव तिथं वट्ट्यावर, अन् तू आत जा." मी आत गेले. तिनं त्या चोरल्या.

बागेत एकच भाजी यायची राहिली होती, करटुली. पावसाळ्यात दोन महिने येणारी ही काटेरी हिरवी भाजी बाजारात इतकी महाग, की आमच्यासारख्यांनी नुसती बघायची. गल्लीत तिचे वेल एकाच घरी, शेजारच्या धुरपताबाईंच्या परसात. धुरपताबाई पंचाहत्तरीच्या, विधवा, आणि जिभेला असं काही हाड नाही की भाजीवालासुद्धा त्यांच्या दारावरून ओरडत नसे. लहानपणी मेंढरांमागं फिरताना कासाबाईची आई रानातली करटुली चुलीवर परतून तिला भाकरीवर घालायची. "मरायच्या आदी येकदा माझ्या दारची करटुली खाईन," असं कासाबाई म्हणायची, तेव्हा मात्र तिची टर उडवायला माझी जीभ रेटायची नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात तिनं हात मारला. करटुलीचा वेल उन्हाळ्यात वाळून जातो, जमिनीत नुसता कंद उरतो. धुरपताबाई लग्नाला गेल्या, तेवढ्यात हिनं अंदाजानं एक कंद उकरून आणला. पावसात वेल कुंपणावर चढला, पिवळी फुलं आली, गल्लीभर मिरवून झालं. फळ एक नाही. धुरपताबाई कुंपणावरून डोकावल्या आणि पोट धरधरून हसल्या.

"आगं येडे, गडी उचलून नेलास! करटुलीत नर येगळा, मादी येगळी. आता घाल त्याला इजार अन् बसव वट्ट्यावर!"

त्यानंतर वर्षभर जो तो कासाबाईला विचारी, गडी काय म्हणतोय. मीही विचारलं, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या मे महिन्यात धुरपताबाईंचा मुलगा राम पुण्याहून आला. घर विकलं होतं, आईला तो सोबत नेणार होता आणि नवा मालक परसात फरशी घालणार होता. जायच्या दुपारी दारात जीप उभी, आम्ही बायका निरोपाला जमलेल्या. कासाबाईही आली होती. वेल उद्या फरशीखाली जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. राम भला माणूस. तो म्हणाला, "मौशी, तुमाला पायजेत तेवढे कंद न्या की उकरून."

कासाबाईचा चेहरा पडला. "नगं, भाऊ," एवढंच ती म्हणाली.

धुरपताबाईंनी मुलाकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता त्याला देतायत एक. मग त्या कासाबाईवर कडाडल्या. "माझं मी कुणाला देत नसते! न्हाणीच्या कोपऱ्यात, तांबड्या दगडापाशी मादीचे कंद हायत. त्याला हात लावशील तर हात मोडून ठिवीन. चल, हो भायेर!" एवढं बोलून त्या परसाकडं पाठ करून ओसरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

कासाबाई बाहेर गेली आणि मागच्या बाजूनं परसात शिरली. खुरप्याचा आवाज सगळ्यांना येत होता. आम्ही दहा बायका एकदम उन्हाबद्दल बोलायला लागलो. मला रडू फुटत होतं, ते मी खोकला म्हणून खपवलं.

ओटीत कंद घेऊन ती फाटकातून निसटली, तशा धुरपताबाई उठल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "चोर! चोर! धरा त्या भवानीला!" कासाबाई पळत सुटली, रडत, ओटी सावरत. राम तिच्यामागं निघाला, तर म्हातारीनं त्याचा सदरा धरला.

"माय, मी तर देतच हुतो की. मंग येवढं वरडायलीस कशाला?"

"तू देत हुतास, म्हणून तर वरडायले," धुरपताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते तिथं लागाय नगं का?"