तोमोदा-सानचा वाकलेला गुडघा

बराच वेळ मी चुकीच्या माणसाचा पाय दाबत होतो.

माणूस तगडा होता. रुंद खांदे, अंगात ट्रॅकसूट. क्लबचा नवा जपानी स्ट्रायकर हाच, यात मला शंकाच आली नाही. मी त्याला टेबलावर पालथं झोपवलं, मांडीचा मागचा स्नायू चाचपला, गुडघा दुमडून बघितला आणि चेहरा गंभीर करून म्हणालो, "फारच वीक आहे. या पायावर तुम्ही प्रोफेशनल फुटबॉल खेळता तरी कसे?"

त्याने मान वळवली आणि माझं वाक्य कोपऱ्यातल्या खुर्चीला जपानीत सांगितलं. खुर्चीत एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस दोघांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसला होता. तो अदबीने काहीतरी म्हणाला. टेबलावरच्याने भाषांतर केलं, "तोमोदा-सान विचारतायत, आता त्यांनी झोपायचं का?"

टेबलावर होते ते दुभाषी, सातो-सान. एरवी एका ऑटो पार्ट्स कंपनीत अकाउंट्स बघणारे.

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही फार मन लावून काम करत होता," ते म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॅनडात, मिसिसागात क्लिनिक आहे, आणि आठवड्यातले काही दिवस एका फुटबॉल क्लबचं काम करतो. सीझनच्या सुरुवातीला तोमोदा करारापूर्वीच्या तपासणीसाठी आला, तेव्हा त्याच्या एमआरआयच्या इमेजेस मी आधीच बघून ठेवल्या होत्या. चेहरा बघायचं सुचलं नव्हतं. आमच्या धंद्यात माणसाची ओळख खालून सुरू होते.

तोमोदा पस्तिशी ओलांडलेला. जपानमधल्या एका लहान क्लबात सुरुवात, मग बेल्जियमची दुसरी डिव्हिजन, थायलंड, ऑस्ट्रेलिया, आणि आता इथे. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवा कोच, आणि पहिल्या दिवसापासून गोल करायची अपेक्षा. मी आयुष्यात एकदा देश बदलला, तर त्याची कहाणी अजून प्रत्येक पॉटलक पार्टीला सांगतो. जेवण सुरू व्हायच्या आत संपवायची, एवढी अट बायकोने घातली आहे.

ऑगस्टमध्ये एका मॅचमध्ये त्याच्या उजव्या हॅमस्ट्रिंगला इजा झाली. मांडीच्या मागचा हा स्नायू. वेगात पळताना पाय पुढे पडायच्या आधी त्याला ब्रेक लावतो तो हाच. स्ट्रायकरचा पाय म्हणजे तोच. त्याचा करार सीझनपुरता होता. पुढचं एक वर्ष वाढवायचं की नाही, हा ऑप्शन क्लबच्या हातात. बायको आणि मुलगी जपानमध्ये थांबलेल्या. करार वाढला तर त्या इकडे येणार, आणि नाही वाढला तर या वयात दुसरा क्लब कोण देणार? सीझनच्या शेवटच्या दोन मॅच उरल्या होत्या. कोच ग्रॅहमने स्पष्ट सांगितलं होतं, "मैदानावर बघितल्याशिवाय मी त्याच्यासाठी बोर्डाशी भांडणार नाही."

आणि मैदानावर उतरायला माझी सही लागत होती.

आता माझी अडचण सांगतो. दुखणं मोजायचं मशीन अजून कोणी काढलेलं नाही. आम्ही पेशंटला विचारतो, शून्य ते दहामध्ये किती? माझ्या क्लिनिकमधले देशी पेशंट उदार आहेत. एका काकांनी नुसता कोट काढतानाच "बारा" सांगितलं होतं. तोमोदा दुसऱ्या टोकाचा. मी अंगठा नेमका दुखऱ्या जागी रुतवायचो. त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"किती?"

"झिरो."

"तोमोदा-सान म्हणतात, झिरो," सातो-सान भाषांतर करायचे. "आणि थँक यू म्हणतात."

एकदा मी सातो-साननाच बाजूला घेतलं. त्यांनीही त्याला आडून विचारलेलं होतं. म्हणाले, "लहानपणी ज्या टीममध्ये तो होता, तिथे दुखतंय म्हटलं की बाहेर बसवायचे. आत गेलेला दुसरा मुलगा मग बाहेर यायचाच नाही."

शेवटून दुसऱ्या मॅचच्या आठवड्यात मी सगळ्या टेस्ट घेतल्या. मशीनवर टाच दाबायची ताकद दोन्ही पायांत सारखी. पाय सरळ ठेवून वर उचलला, पूर्ण गेला. छोट्या अंतराची स्प्रिंट झकास. दुखणं झिरो. ग्रॅहम दारात उभा राहून म्हणाला, "मग? ग्रीन लाइट?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो. का म्हणालो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन साइडलाइनपाशी उभा होतो. तोमोदा आला. त्याची एक रीत होती. ट्रेनिंगला आत पाऊल टाकण्यापूर्वी रेषेपाशी थांबायचं, पाय जुळवायचे आणि मैदानाला वाकून नमस्कार करायचा. कमरेतून, पाठ ताठ. सुरुवातीला पोरं हसायची, नंतर हसेनाशी झाली. मी ते दर वेळी समोरून बघत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा बाजूने बघितलं.

डावा गुडघा सरळ. उजवा किंचित वाकलेला.

गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकलं की हॅमस्ट्रिंग पूर्ण ताणली जाते. माझ्या टेबलावर तो दात आवळून ताण सोसत होता, कारण तिथे परीक्षा होती. मैदानापुढे तो परीक्षा देत नव्हता. तिथे पाय आपलं आपण सांभाळून घेत होता. ट्रेनिंग संपल्यावर बाहेर पडताना तो पुन्हा वाकला. पुन्हा तेच.

मी ग्रॅहमच्या ऑफिसात गेलो.

"तो खेळणार नाही. स्कॅन करू या."

"टेस्ट पास झालाय ना?"

"झालाय."

"दुखतंय म्हणाला?"

"नाही."

"मग?"

"नमस्कार करताना त्याचा गुडघा वाकतो."

ग्रॅहमने पेन खाली ठेवलं. "म्हणजे माझा स्ट्रायकर नीट वाकला नाही म्हणून मी त्याला बसवायचं? प्रेसला हे सांगू?"

"प्रेसला हॅमस्ट्रिंग सांग."

"आणि स्कॅन क्लीन आला तर?"

"तर मला बसव."

स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. माझी नोकरी राहिली बाजूला. स्कॅन क्लीन आला असता, तर उगाच बसवून मी त्या माणसाचं पुढचं वर्ष घालवलं असतं. रिपोर्ट आला. स्नायू जिथे त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे टेंडनला जुळतो, तिथे चीर अजून उघडी होती. मॅचमधली एक पूर्ण वेगाची धाव, आणि सगळंच तुटलं असतं.

तोमोदाला मी स्क्रीनवर दाखवलं. सातो-सानकडे न बघता, स्वतःच्या मोडक्या इंग्लिशमध्ये त्याने विचारलं, "हाऊ यू नो?"

मी उठून उभा राहिलो आणि त्याच्यासारखं वाकून दाखवलं, उजवा गुडघा दुमडून. माझं पोट मध्ये आल्यामुळे दोन्ही दुमडले, पण मुद्दा पोचला. तो हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग टेबलावर जाऊन पालथा झोपला. मी अंगठा ठेवला.

"फाइव्ह," तो म्हणाला.

सातो-साननी सवयीने भाषांतर केलं, "फाइव्ह." आणि खिडकीकडे तोंड केलं.

तिथून खरं काम सुरू झालं. मध्ये इंटरनॅशनल ब्रेक असल्याने शेवटच्या मॅचला अजून तीन आठवडे होते. कुठे थांबायचं ते आता मला कळत होतं. मी सांगितलेलं सगळं तो करायचा, त्यापेक्षा एकही फेरी जास्त नाही, कमी नाही. इतरांचं ट्रेनिंग चालू असताना तो कडेला एकटाच चालत चालत आपल्या धावांच्या वाटा आखायचा. इथून निघायचं, इथे खांदा वळवायचा. बॉल नाही, समोर कोणी नाही. मी हातातलं काम सोडून बघत राहायचो.

नव्या स्कॅनमध्ये चीर भरून आलेली दिसली. शेवटच्या मॅचच्या सकाळी विचारलं, "किती?"

त्याने विचार केला. "वन."

मी सही केली. झिरो म्हणाला असता तर केली नसती.

ऑक्टोबरची थंडी, तोंडातून वाफ. स्मिता, माझी बायको, स्टँडमध्ये ब्लँकेट आणि चहाचा थर्मास घेऊन बसली होती. मॅच शून्य-शून्य. ग्रॅहमने त्याला शेवटच्या काही मिनिटांसाठी आत पाठवलं. स्ट्रायकरचं काम बॉल येण्याआधी निघणं असतं. आला तर ठीक. तोमोदा निघायचा, बॉल यायचा नाही. तो मागे यायचा, पुन्हा निघायचा. हात वर करून कुणावर चिडणं नाही, की "मला का दिला नाही" नाही. पुन्हा तीच पूर्ण वेगाची धाव, जणू या वेळी नक्की येणार. मी बेंचवर बॅग छातीशी धरून प्रत्येक वेळी त्याची उजवी मांडी बघत होतो.

मग तो गोलच्या जवळच्या खांबाकडे असा सुटला, की दोन डिफेंडर त्याच्यामागे ओढले गेले. पास मागे गेला. तिथे आमचा विंगर मोकळा उभा होता, त्याने फक्त पाय लावला. गोल. सगळी टीम विंगरच्या अंगावर. तोमोदा खांबापाशी होता. त्याने वळून आधी आपली मांडी चाचपली, मग माझ्याकडे बघून बोटांनी शून्य करून दाखवलं. या वेळी मी विश्वास ठेवला.

आठवडाभराने ग्रॅहमचा फोन आला. "बोर्डाने वर्ष वाढवलं. गोल कोणी केला ते त्यांनी बघितलं, गोल कोणामुळे झाला ते मी दाखवलं."

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की पेशंटला विचारण्याआधी बाजूने बघावं. शक्य तर त्याचं लक्ष दुसरीकडे असताना. आणि पेशंट हाच आहे ना, तेही.

फोन ठेवून मी किचनमध्ये गेलो आणि स्मिताला सगळं सांगितलं. ती धाव कशी होती, बॉल येत नसताना तो कसा पुन्हा पुन्हा पळाला, त्याच्यामुळे जागा झाली आणि टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या, तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

तिने गॅस बारीक केला. पोराचा डबा भरला, माझा भरला, ड्रायरमधून कपडे काढून घडीला घेतले.

"करार कितीचा वाढवला म्हणालास?"

"एक वर्षाचा."

"बरं आहे त्याचं," ती म्हणाली. "माझा दरवर्षी आपोआप वाढतो. मला अजून कोणी विचारलंसुद्धा नाही."