मिठीत न लागणारं पिस्तूल

शेवंताबाई कुणाला लांबून नमस्कार करत नसत. जय भीम, राम राम, जोहार, समोरच्याला जे चालेल ते तोंडाने म्हणत, पण तोवर त्यांचे दोन्ही हात पुढे झालेले असत. समोर बाईमाणूस असेल तर ती सरळ त्यांच्या पोटाशी. मग ती ओळखीची असो की नसो, भाताच्या रोवणीच्या चिखलाने भरलेली असो की लग्नाला निघालेली. ही मिठी जरा लांबायची. नवख्या बाईला संकोच वाटायचा, आता सोडतील, मग सोडतील असं व्हायचं. बाई सोडत नसत.

मला त्यांनी आलापल्लीच्या बाजारात पकडलं. वनखात्यातल्या नवऱ्याची इथे बदली झाली होती, आम्हाला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी यादी हातात घेऊन मिरचीचा भाव करत होते आणि एक उंच, पांढऱ्या केसांची बाई येऊन मला बिलगली. पिशवी माझ्या हातून खाली गेली.

"नवीन हायेस ना? साहेबाची बायको?" कानाशीच आवाज आला. "उजव्या अंगानं श्वास कमी घेऊन राह्यली तू. कफ धरला हाय. दवाखान्यात जा. उद्या नाई, आजच."

मी गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि बाईंचंच म्हणणं खरं निघालं. बरी झाल्यावर आभार मानायला त्यांच्या घरी गेले, ती पुढे बारा वर्षं जातच राहिले.

बाई नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीतली बरीचशी वर्षं एटापल्लीकडच्या उपकेंद्रांत गेलेली, त्यामुळे गावागावांतल्या अर्ध्या पोरांची नाळ त्यांनी कापलेली. आता त्या बायकांची संघटना चालवत. काम एकच, दारू. जिल्ह्यात बंदी आहे, म्हणजे ती मिळत नाही असं नाही; ती गाडीतून रात्रीची येते आणि महाग मिळते, एवढंच. मोहाच्या दारूवर मात्र त्या सरसकट तुटून पडत नसत. "देवाले वाहाची ते येगळी," त्या म्हणत. "थे लोकायचं लोक पाहातील. गाडीतून येते, तिच्याशी आपलं भांडण हाय."

मी त्यांचं ऑफिस हातात घेतलं. ऑफिस म्हणजे त्यांची ओसरी आणि एक लोखंडी कपाट. कोणत्या गावात कधी बैठक, एसटी किती वाजता, परतीची सोय काय, हे मी आदल्या दिवशी ठरवून भिंतीवर लावायचे. बाई ते कौतुकाने वाचत आणि आपल्याला हव्या त्या गावाला जात.

"मनीषे, तू कलेक्टर व्हाले पायजे होती."

"मग तुम्ही माझं ऐकलं असतं का?"

"कलेक्टरचं कुठी ऐकतो आपण?"

त्यांची कामाची रीत मला उशिरा समजली. गावात गेल्यावर त्या बैठक घेत नसत, भाषण तर नाहीच. एकेका बाईला भेटत. पोटाशी धरत. त्यांचे नर्सचे तळवे पाठीवरून, बरगड्यांवरून, दंडावरून सावकाश फिरत. जिथे अंग आखडे, जिथे श्वास अर्ध्यात थांबे, तिथे तळवा नुसता ठेवून देत. मग कानात काहीतरी विचारत. पुष्कळदा ती बाई तिथेच रडायला लागे. दारू नेमकी कुठल्या घरात शिरली आहे, ते बाईंना असं कळे. त्या घरापासून काम सुरू होई.

"बाई तोंडानं खोटं बोलते," त्या मला सांगत. "पडली म्हणते, बैलानं ढुसणी देल्ली म्हणते. तिच्या बरगडीले खोटं बोलता येत नाई."

बाईंचा नवरा दारूनेच गेला होता. मुलगा प्रशांत तेव्हा शाळेत होता. तो शिकून पुण्याला नोकरीला लागला, दर दिवाळीला येई आणि दर दिवाळीला "आई, आता चल" म्हणे. बाई त्याला करंज्या भरून देत आणि गाडीत बसवून देत.

मग एका संध्याकाळी बाई एसटीतून उतरून घराकडे चालत येत असताना मोटारसायकलवरून दोघं आले. त्यांनी बाईंना हात लावला नाही. खांद्यावरची पिशवी काढून घेतली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि एक जण म्हणाला, "पुढच्या टायमाले फक्त पिशवीच सापडन." गाडीतून दारू आणणाऱ्याची ही माणसं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पोलिसांत तक्रार झाली. त्याने काय होणार, तेही सगळ्या गावाला माहीत होतं.

प्रशांत तिसऱ्या दिवशी हजर. चहा घेतला नाही, बसलाही नाही. "बाबा दारूने गेले," तो म्हणाला. "तू दारूवाल्यांच्या हातून जायचं नाहीस. एकतर परवाना काढून पिस्तूल घे आणि ते अंगावर ठेवून फिर, नाहीतर माझ्याबरोबर चल. दोन्हीतलं एक. शब्द दे."

बाईंनी त्याचा न घेतलेला चहा उचलून आत ठेवला. मग म्हणाल्या, "देल्ला शब्द. पिस्तूल घेतो."

मला हायसं वाटलं, कारण बाई राहणार होत्या. मी लगेच कामाला लागले. अर्ज, फोटो, तक्रारीची नक्कल, पोलिसांची चौकशी, हत्यार चालवायच्या प्रशिक्षणाचा दाखला. परवाना यायला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही सरले. मग आम्ही दोघी नागपूरला बंदुकीच्या दुकानात गेलो.

मी मुद्दे काढून नेले होते. वजन कमी. जाडी कमी. सत्तरीच्या मनगटाला वरचा भाग मागे ओढता यावा. खटका चुकून दबू नये. साडीत दिसू नये. दुकानदार मोठा सभ्य माणूस होता, असं मुद्देसूद गिऱ्हाईक पाहून खूश झाला. त्याने आधी छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. "लेडीज लोकांना हेच देतो. सोपं आहे, अडकत नाही."

बाईंनी त्याची गोल चक्री चाचपून पाहिली. "हे कमरेले आलूसारखं येईन, भाऊ. चपटं नाई का?"

मग त्याने बत्तीस बोअरची पिस्तुलं मांडली. बाईंनी सगळ्यांत लहान उचललं. दुकानदाराने ते रिकामं असल्याचं उघडून दाखवलं, पट्ट्याचं कातडी म्यान दिलं. बाईंनी ते उजव्या कमरेला साडीच्या आत खोवलं, पदर सारखा केला आणि हात पसरले.

"ये मनीषे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी गेले. त्यांनी मला पोटाशी धरलं.

"लागते?"

"लागतं."

म्यान डाव्या बाजूला गेलं. पुन्हा मिठी. लागलं. काखेखाली बांधून पाहिलं, तिथे तर माझी बरगडीच टेकली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं काडतुसं विसरून आमच्याकडे बघत होती.

"मॅडम," दुकानदार शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं धंदा करून राहिलो, लोक विचारतात दूरवर किती मारते. तुम्ही पहिल्या, ज्या जवळचं विचारून राहिल्या."

"जवळचंच काम हाय माह्यं, भाऊ."

"मग पाठीला लावा. साहेब लोक लावतात."

बाई हसल्या. "तुमाले बायको पोटाशी धरते, तवा तिचे हात कुठी असतात?"

तो बिचारा लाजला. मी पर्सचा पर्याय मांडला, तो माझ्या कागदावर शेवटी होता. पण गावात गेलं की बाईंच्या पिशवीत पोरांचे हात जात, बिस्किटासाठी. पर्स बाद. शेवटी तेच सगळ्यांत लहान, चपटं पिस्तूल ठरलं आणि डाव्या कमरेचा, थोडा मागचा कोपरा ठरला. तिथे ते सगळ्यांत कमी लागत होतं. अजिबात न लागणारं पिस्तूल त्या दुकानात नव्हतं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बाई, जरा लागलं तर काय होतं? मोबाइल आहे म्हणायचं."

"मनीषे, आपल्या इकडच्या बायायले कमरेचं हत्यार समजते. कमरेले हत्यार म्हणजे कोण? एक तर इकडचे पोलीस, नाईतर तिकडचे जंगलातले. दोघायपासूनही पोरीबाळी लपवतात थ्या. हात लागला का आखडतीन. मंग थे आखडणं माराचं का भेवाचं, मले कसं समजन?"

आणि ते काढून ठेवायचं तर कुठे? झोपडीत, पोरांच्या समोर? ऑफिसात कुलुपात ठेवून गावात जायचं, तर धोका गावाच्याच वाटेवर. शिवाय शब्द दिला होता तो पिस्तूल अंगावर ठेवायचा. बाईंनी उपाय काढला. त्या बाजूने भेटायला लागल्या. उजवा खांदा पुढे, एक हात समोरच्या बाईच्या खांद्यावर, डावं अंग दूर. फोटोत पुढारी भेटतात तसं. मी रोज बघत होते. धमक्या थांबल्या होत्या, पिस्तूल घेतल्याची बातमी जिथे पोचायची तिथे पोचली होती. प्रशांत फोनवर मोकळा हसू लागला होता. माझ्या हिशोबाने सगळं जागेवर बसलं होतं.

त्या उन्हाळ्यात सूरजागडच्या बाजूच्या एका गावात मैनाबाई भेटली. तिशीची, तीन लेकरांची. निवृत्तीनंतरही बाईंनीच तिची बाळंतपणं केलेली. ती दोन्ही हात पसरून धावत आली आणि बाईंनी सवयीने उजवा खांदा पुढे केला. मैना अर्ध्यात थबकली, मग खांद्याला खांदा लावून हसली.

"बरी हायेस ना, पोरी?"

"बरी हाय, बाई."

चार दिवसांनी मैनाला बाजेवर घालून आणलं. नवऱ्याच्या लाथेने बरगडी मोडली होती, पण ती मोडून आठवडा होऊन गेला होता. आता आत पाणी धरलं होतं. म्हणजे ती हसली तेव्हाही बरगडी मोडलेलीच होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात बाई तिच्या खाटेशी बसून राहिल्या. मैना वाचली. घरी न्यायला सासू आली तेव्हा मैना बाईंना म्हणाली, "तुमी जवळ नाई घेतलं. मले वाटलं, रागावल्या."

बाई तिथून घरी आल्या नाहीत, पोलीस ठाण्यात गेल्या. पिस्तूल जमा केलं, पावती घेतली आणि ओसरीवर बसून प्रशांतला फोन लावला. मी समोरच होते.

"जमा केलं बाबू. नाई जमत मले त्याच्यासंगं."

पलीकडे तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो. शब्द माह्या ध्यानात हाय. आंबे उतरले का ये न्याले."

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. न सांगता राहा, म्हटलं. त्याला पुण्यात बसून काय कळणार आहे? संघटनेचं काय, गावांचं काय, मी सगळे मुद्दे मांडले. बाईंनी मला बोलू दिलं.

"त्याचा बाप मले वाचवता आला नाई, मनीषे. सारी रात पोरगं दाराशी उभं राहाचं, बाप येते का नाई पाहात. आता माह्यासाठी त्याले दाराशी उभं नाई करत मी."

मी भिंतीवरचा बैठकांचा कागद काढून घेतला.

प्रशांत येईपर्यंत बाई गावोगाव फिरल्या. कमरेला काही नव्हतं. यावेळी मी भिंतीवर काही लावलं नाही, मागोमाग गेले. त्या प्रत्येक बाईला भेटल्या, पूर्वीसारखं, दोन्ही हातांनी. कुणी घाईत असेल तर थांबून राहिल्या. मोटारसायकल दोनदा दिसली. थांबली नाही.

पुण्याहून त्यांचे फोन येत. "लिफ्टमंधी चौघी उभ्या असतो, चौघी भिताडाकडे तोंड करून. खालच्या मजल्यावर एक बाई हाय, हसते लय. इतकं हासणारी बाई बरी नसते. पण जवळ जाऊ का? इथी पहिले विचारा लागते." एकदा म्हणाल्या, "मैनाकडे जात जा. नुसती विचारू नको." दुसऱ्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. प्रशांतने कळवलं तोवर तिकडेच सगळं आटोपलं होतं. इथल्या एकाही बाईला त्यांना शेवटचं पाहता आलं नाही.

ऑफिस मी चालवते. गावं वाटून दिली आहेत, बैठका वेळेवर होतात. एसटी बंद पडली तर दुसरी सोय तयार असते. महिन्यातून एकदा मी मैनाकडे जाते. ती चहा टाकते, मी तिला जवळ घेते, बाई घेत तशी, पाठीवर तळवे ठेवून. तिचं अंग गरम असतं, हाडं हाताला लागतात. ती श्वास घेते, सोडते.

"बरी आहेस ना?" मी विचारते.

ती म्हणते, बरी हाय. ते खरं की खोटं, मला कळत नाही.