खळ केलेल्या पट्ट्या

इरा, नील – हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणजे हे तीच वाचून दाखवणार आणि तिलाही आजच कळणार. कळू दे.

आत्ताच का? गेल्या रविवारी नीलने व्हिडिओ कॉलवर शाळेत सांगितलेली गोष्ट मला ऐकवली. माझीच गोष्ट. लढाईच्या दिवसांत आजीने जवानांसाठी बँडेज तयार केली आणि मालेगावच्या एका लबाड माणसाने खराब कापड देऊन ती सगळी वाया घालवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या म्हणे. मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

तेव्हापासून बसवत नाही. कपाट पुन्हा पुन्हा आवरते. टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालते. तुम्ही हसता ना माझ्या घड्यांना? इथेच सुरुवात आहे – या घड्यांच्या हौसेपाशी.

तुमची आई तेव्हा शाळेत होती. सीमेवर लढाई चालू होती, टीव्हीवर रोज बर्फातले डोंगर दिसायचे. आमच्या इंदिरानगरच्या महिला मंडळाने ठरवलं – लष्करी इस्पितळाला पट्ट्या करून द्यायच्या. गुंडाळायच्या पट्ट्या, आणि मोडलेला हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी झोळ्या. कापड मालेगावहून आलं. युसूफभाई म्हणून एक होते, त्यांचे थोडे माग होते. पातळ, जाळीदार कापड विणून, उकळून, धुऊन त्यांनी स्वतः आणलं – आमच्याच घरी, कारण सामान ठेवायची जबाबदारी माझी. बायांनी नफ्याचं विचारलं तर कानाला हात लावले. ‘जवानों का काम है ताई, इसमें कायका नफा?’

मग माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी पातेल्यात पाणी मागितलं आणि कापडाचा तुकडा वर सोडला. तो क्षणभरही तरंगला नाही, सरळ तळाला गेला. ‘देखा? कपडा नहीं, ऊंट है ऊंट! ऐसा पीता है.’ जखमेवरचं कापड असंच असावं लागतं, बुडणारं. रक्त ओढून घेणारं. मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी. हे लक्षात ठेवा.

पण ते कापड आलं होतं कांद्याच्या टेंपोतून. वरच्या ताग्यांना वास होता, धूळ होती. मी ते पुन्हा धुतले. इथवर ठीक. मात्र वाळल्यावर कापड असं लिबलिबीत झालं, की पट्टी कापावी तर कड तिरकी जाई आणि गुंडाळावी तर मधेच फुगे. इतरजणींच्या पट्ट्या तशाच बेंगरूळ होत होत्या. माझ्या तशा? इस्पितळातले अधिकारी बघणार – आणि माझ्या तशा?

म्हणून मी भाताची पेज गाळली आणि खळ केली. सुती साड्यांना करते तशीच. इस्त्री फिरवली. काय पट्ट्या झाल्या म्हणून सांगू – पांढऱ्या, ताठ, खडूच्या कांड्यांसारख्या! तुमचे आजोबा म्हणाले, ‘जखमेवर बांधायच्यात की मुंजीत नेसायच्यात?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला टापटिपीचं काय कळतंय?’

खळ केलेलं कापड पाणी पीत नाही, हे मला कळत नव्हतं? नव्या साडीवरून पहिलं पाणी कसं ओघळतं, हे कुठल्या बाईला माहीत नसतं? माहीत होतं. सुचलं नाही, एवढंच. त्याला मी चूक म्हणेन. कबुली तिची नाही.

कबुली पुढे आहे. मी उगाच लांबवतेय.

इस्पितळाच्या एक नर्सिंग अधिकारी आमच्या मंडळाच्या बैठकीला आल्या. केरळच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एक पट्टी काढली. माझीच – ताठ होती ना. तिचा तुकडा वाटीतल्या पाण्यावर टाकला. तो तरंगला. आम्ही सगळ्या वाटीत डोकावून बघत होतो आणि तो आपला होडीसारखा वर. पट्ट्या वापरल्या नव्हत्या, माझ्या तरंगल्या म्हणून सगळ्याच तपासणीत बाजूला काढल्या होत्या. कुणाच्याही जखमेला लागल्या नाहीत. म्हणजे मी खरं बोलले असते, तर काय झालं असतं? आठवडाभर हसल्या असत्या बाया. बस.

त्यांनी इंग्रजीत विचारलं – या कापडावर तुम्ही काही केलंत का?

मंडळात सफाईनं इंग्रजी बोलणारी मी एकटी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी त्याच इंग्रजीत, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या स्वच्छ उच्चारांत सांगितलं – कापड जसं आलं, तसंच आम्ही वापरलं.

मग मराठीत सांगावं लागलं, बाकीच्यांना. दुसऱ्यांदा खोटं बोलायला काहीच लागलं नाही.

‘मालेगावचं ना कापड?’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘मग बरोबर. त्यांना कशाला आपले जवान बरे व्हायला हवेत?’

मी ऐकलं. तेव्हा तरी बोलायचं – नाही का? मी वाटी उचलून मोरीत ओतली.

आजोबांना काही सांगावं लागलं नाही. ते एकदाच म्हणाले, ‘उद्या जाऊन सांगून ये.’ मी गेले नाही. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. माझ्या घड्यांची चेष्टाही मग कधी केली नाही.

युसूफभाई आले होते. खुर्ची दिली तरी दाराशीच उभे राहिले. सांगत होते – लोक काय काय बोलतायत, दवाखानेवाले माल परत पाठवतायत, पोलीस चौकीवर बोलावून घेतलं. ‘ताई, तुम्ही तर पाहिलं होतं ना? तुमच्याच पातेल्यात. तुम्ही एक शब्द बोला फक्त. तुमचं ऐकतील.’ मी म्हटलं, चौकशी करते. चहा विचारला. ते नको म्हणाले. जाताना जिन्यावरून वळून पुन्हा म्हणाले, ‘बोलाल ना ताई?’ मी मान हलवली.

वर्षभरानं त्या कांद्याच्या टेंपोवाल्याकडून कळलं – त्यांनी माग भंगारात विकले. पुढे ते कुठे गेले, मी विचारलं नाही. आहेत की नाहीत, मला माहीत नाही. शोधता आलं असतं. मालेगाव काय लांब आहे? बसने सकाळी निघून दुपारी परत येता येतं.

उलट मी ती गोष्ट सांगत राहिले. हळदीकुंकवाला, तुमच्या आईला, मग तुम्हाला झोपवताना. प्रत्येक वेळी ते थोडे अधिक लबाड झाले. आता ते तुमच्या शाळेतही पोचले आहेत. नील, तू त्यांना वाईट माणूस म्हणालास. तो शब्द तुला मी दिला.

हे मराठीत लिहिते आहे. ते खोटं मी इंग्रजीत बोलले होते.

युसूफभाईंनी आणलेल्या ताग्यांपैकी एक, मी न धुतलेला, खळ न केलेला तागा पलंगाच्या पेटीत तळाशी राहिला. मी तो टाकला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. घडीवर पिवळा पडलाय. आज सकाळी त्याचा बोटभर तुकडा कापून पातेल्यातल्या पाण्यावर सोडला.

अजूनही बुडतो.