चाळीस शनिवार

जूनचा पहिला सोमवार. अकरावीची वर्षाची फी चार हजार. हजर आम्ही तिघं: मिशनच्या शाळेतल्या सिस्टर लुसी, माझी मुलगी शुभांगी आणि मी. त्या शाळेत मुलं पाच दिवस शिकत आणि शनिवारी एखाद्या दुकानात किंवा ऑफिसात काम करत. मजुरी थेट शाळेत जमा होई. चाळीस शनिवार, दिवसाचे साठ रुपये, म्हणजे चोवीसशे. उरलेले सोळाशे माझे. मी कापूस पिंजणाऱ्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कारकून. त्या वर्षी कापूसच आला नाही, जिन लवकर बंद पडलं. सोळाशेच्या वर माझी ऐपत नव्हती.

सिस्टर वसईच्या, पण वीस वर्षांत पक्क्या वऱ्हाडी झालेल्या. मुलाला पाठवण्याआधी त्या जागी एक दिवस स्वतः राबायच्या. "मी अगुदर जाऊन पायतो, मंग पोरगी धाडतो," म्हणायच्या. राजापेठेतल्या सलीमभाईंच्या छापखान्यात त्यांनी दिवसभर रजिस्टरं शिवली आणि मगच शुभांगीला तिथं लावलं.

बारावीत कॉलेजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा नेमकी शनिवारी आली. लग्नसराई होती. सलीमभाई म्हणाले, "बेटी, शनिवारी नाई आली तर मले दुसरं माणूस पायावं लागीन." काम गेलं तर फी अडणार, परीक्षा चुकली तर कॉलेज संपलं. शुभांगी रडायला लागली.

"रडून काहून राहिली? तू पेपर लिही. छापखान्यात मी जातो," सिस्टर म्हणाल्या.

गेल्या. रजिस्टरं शिवता येत होती, लग्नपत्रिकांना मात्र त्यांनी कधी घडी घातली नव्हती. दुपारपर्यंत दोनशे झाल्या, सगळ्या उलट्या. सलीमभाईंनी कपाळावर हात मारला.

"सिस्टर, ये क्या किया! गणपतीले आत कोंडलं तुमी! नवरदेवाचा बाप मले सोडीन का?"

"मले काय मालूम, तुमचा गणपती भायेर बसते म्हून!"

"माझा कुठून, सिस्टर!" सलीमभाई म्हणाले, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग सिस्टरांनी संध्याकाळपर्यंत बसून सगळ्यांना पुन्हा सरळ घडी घातली. तीस पत्रिका चुरगळून वाया गेल्या. सलीमभाई पूर्ण साठ देत होते. सिस्टरांनी कागदाचे पंधरा कापायला लावले आणि शाळेत पंचेचाळीस जमा केले.

शुभांगीला शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजची फी आता शिष्यवृत्ती देणारा ट्रस्ट भरणार होता. मी पेढे घेऊन गेलो. सिस्टरांनी एक तोंडात टाकला आणि वही काढली.

"भाऊ, शुभांगीचे पंधरा रुपये बाकी हायेत."

"सिस्टर, चूक तर तुमची होती," मी हसत म्हणालो.

"हो, माझीच. पण तिच्या जागेवर गेलो होतो ना मी? अन् माफ केले, तर ती बाकीचे शनिवार काहून गेली? ती कमावून शिकली, हे खरं राहू द्या."

सिस्टर आता हयात नाहीत. पेढे नेले त्या दिवशी मी पंधरा रुपये त्यांच्या हातात दिले. पावती त्यांनी शुभांगीच्या नावानं फाडली.